गुण्याचे चौतीस फर्मे

गुण्या हे त्याचं नाव नव्हे. गुण्या हे सुताराचं हत्यार. लाकडी दांडा आणि त्यात काटकोनात बसवलेलं लोखंडी पातं. कोपरा सरळ आहे की नाही हे बघायला ते लागतं. इतर सुतार ते टेबलावर ठेवतात. हा पँटच्या मागच्या खिशात घालून फिरायचा. जेवायला बसला तरी डबा ठेवण्याआधी फळीच्या कोपऱ्याला लावून बघायचा. कुणीतरी एकदा म्हणालं, "आला बघा गुण्या," आणि ते चिकटलं. पुढे त्याची बायकोसुद्धा रागावली की त्याच नावानं हाक मारायची.

मी त्याच कारखान्यात पॉलिश करायचो. एकतीस वर्षं केलं. दुसऱ्यानं केलेल्या कामावर हात फिरवणं हा माझा धंदा. हात फिरवला की करणारा कसा आहे ते कळतं. कुठे घाई केली, कुठे लांबी म्हणजे पुट्टी भरून खड्डा लपवला, कुठे जेवणाची सुट्टी झाली म्हणून तसंच सोडलं, सगळं बोटांना लागतं. गुण्याच्या खुर्चीवर हात फिरवताना मला कधी थांबावं लागलं नाही. याहून जास्त कौतुक मी करणार नाही. त्यालाही ते चाललं नसतं.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. एका बाजूला तीन खिडक्या. मधल्या खिडकीखाली गुण्याचं कामाचं टेबल. अडतीस वर्षं तो तिथे उभा राहिला. त्याच्या पायांखालची फरशी एवढी गुळगुळीत झाली होती की दुसरा कुणी तिथे उभा राहिला तर घसरायचा.

त्याच्या कामाची एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. तो मोजपट्टी क्वचित वापरायचा. त्याच्याकडे काठ्या होत्या. प्रत्येक वस्तूची एक काठी. खुर्ची घ्या. तिच्या पायाची उंची, पाठीचा बाक, बैठकीची रुंदी, सगळी मापं एकाच काठीवर चाकूच्या बारीक खुणांनी मारलेली. कुठली खूण पायाची आणि कुठली पाठीची हे काठीवर लिहिलेलं नसायचं. ते त्याच्या डोक्यात. कारखान्यात कायम चालणाऱ्या वस्तू सहा होत्या, म्हणून काठ्या सहा. त्या वर तुळईवर आडव्या पडलेल्या असायच्या. थोरल्या मालकांनी एकदा त्याला विचारलं होतं, "अरे, उद्या तू आजारी पडलास तर ही मापं कोण वाचणार?"

"उद्या आजारी पडलो तर परवा येईन," गुण्या म्हणाला.

थोरले मालक हसले. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मग मुलगा बघू लागला. त्याला आम्ही धाकटे मालक म्हणायचो. धाकटे मालक वाईट नव्हते. कुणावर ओरडायचे नाहीत. हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून बोलायचे. पण त्यांनी तसा हात ठेवला की आम्हाला धडकी भरायची.

गुण्या बासष्टचा होता तेव्हा त्याचा उजवा खांदा गेला. जाड प्लायचं अख्खं शीट म्हणजे पस्तीस किलो वजन. त्यापेक्षा वाईट त्याचा आकार. माणसाहून उंच, धरायला कुठे जागा नाही, आणि वाऱ्याचा झोत आला की शिडासारखं ओढतं. दोघांनी उचलायचं असतं. त्या दिवशी दुसरा कुणी मोकळा नव्हता. यानं एकट्यानं उचललं, वळला, आणि तसाच भिंतीला टेकून खाली बसला. मी धावत गेलो तर म्हणतो कसा, "शीटाचा कोपरा बघ रे. दुखावला का?"

महिन्यानं परत आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उचलायचं नाही, आणि हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आता सुतारकामात वजन न उचलता काय करता येतं ते मला तरी माहीत नाही.

धाकट्या मालकांनी त्याच्या दुसऱ्या खांद्यावर हात ठेवला. मी पाच हातांवर दरवाजाला पॉलिश मारत होतो. सगळं ऐकू आलं.

"काका, नवीन मशीन यायचंय. अडीच महिने आहेत. त्याला उजेड लागतो. मधल्या खिडकीशिवाय जागा नाही."

"बरं," गुण्या म्हणाला.

"तुम्हाला घरी बसा म्हणत नाही मी. पण रिकामं टेबल मी किती दिवस ठेवू? ती पातळ प्लायची शीटं पडली आहेत ना, त्यातून काही कायम चालणारं काम निघतंय का बघा. हलकं आहे, तुम्हाला झेपेल. निघालं तर टेबल तुमचं. मशीन दुसरीकडे बघू."

ती शीटं कपाटांच्या पाठीसाठी आणलेली. चार मिलिमीटर जाडीची, चाळीस. एका वसतिगृहाची कपाटांची ऑर्डर होती, ती रद्द झाली आणि शीटं राहिली. वर्षभर कोपऱ्यात भिंतीला उभी टेकवून ठेवलेली. पातळ प्लाय असं उभं ठेवू नये. ती वाकते आणि वाकलेलीच राहते. चाळीसच्या चाळीस पोट सुटल्यासारखी पुढे आली होती.

गुण्यानं पहिल्या दिवशी काहीच बनवलं नाही. शीटं आडवी केली. एकेक, डाव्या हातानं ओढत, उजवा हात पोटाशी धरून. खाली तीन जाड फळ्या टाकल्या, त्यावर शीटं उलटसुलट रचली, वर वजन म्हणून फुटके फरशीचे तुकडे मांडले. एक शीट सात-आठ किलोचं. धडधाकट माणसाला हे अर्ध्या तासाचं काम. त्याला दुपार झाली. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "तू तुझा ब्रश सांभाळ. केस गळतायत त्याचे."

मग तो पातळ प्लायला साजेसं काम शोधायला लागला. हे शोधणं मी जवळून बघितलं. बघून दमलो.

आधी ट्रे केले. तळाला पातळ प्लाय, चारी बाजूंना लाकडाची पट्टी, पट्टीला खाच आणि प्लाय त्या खाचेत. सहा केले. पाणी ओतलं तरी कोपऱ्यातून थेंब गळणार नाही असे. धाकट्या मालकांनी एक उचलून बघितला.

"सुंदर आहे, काका. एकाला किती वेळ लागला?"

"एक दिवस."

त्यांनी ट्रे हलकेच खाली ठेवला. प्लास्टिकचा ट्रे कोपऱ्यावरच्या दुकानात लटकलेला असतो हे गुण्यालाही माहीत होतं.

मग भिंतीवर लावायचं औषधांचं छोटं कपाट घेतलं. इथे त्यानं ती चूक केली जी जन्मभर जाड लाकडात काम केलेला माणूसच करतो. पातळ प्लायच्या कडेत खिळा बसत नाही. थर सुटतात, वहीची पानं सुटावीत तसे. म्हणून त्यानं आतून कोपऱ्यांना पट्ट्या लावल्या. मग पाठ दाबली की डबडब वाजते म्हणून पाठीला तीन आडव्या पट्ट्या. दार पिळतं म्हणून दाराला चौकट. बाजू लवतात म्हणून बाजूंनाही. झालं तेव्हा कपाट दगडासारखं मजबूत होतं. गुण्या लावला, चारी कोपरे काटकोनात. तो खूश झाला. मग ते मला दाखवायला उचललं आणि 'आई गं' म्हणून परत ठेवलं.

"पातळ प्लाय आहे ना ही?" मी विचारलं.

"आहे."

"मग आत कुठे गेली ती?"

त्यानं कपाटाकडे बघितलं. "पट्ट्या जास्त झाल्या," म्हणाला. ते कपाट मी उचलून बाजूला ठेवलं. चांगलं बारा-तेरा किलो भरलं असतं.

तिसरा प्रयत्न दिव्याच्या शेडचा. पातळ प्लाय एका बाजूनं गोल वाकते, दुसऱ्या बाजूनं वाकवली तर तडकते. कुठल्या बाजूनं वाकते हे शोधायला दोन तुकडे तडकवले. तिसरा वाकला. त्या गोल वळलेल्या तुकड्याला त्यानं सवयीनं गुण्या लावला. पातं एका जागी टेकलं आणि बाकी सगळीकडे उजेड. मला हसू आलं. तो हसला नाही. म्हणाला, "याला बरोबर म्हणायचं की चूक, ते कशानं कळणार?" शेड तयार केली, घरी नेली, बल्बखाली लावली. चार दिवसांत उष्णतेनं जोड उघडला.

पाच आठवडे असे गेले. पाच शीटं संपली. मधल्या खिडकीच्या भिंतीवर वायरमन येऊन खडूनं खुणा करून गेला. मशीनची वायर कुठून जाणार त्याच्या. गुण्यानं त्या पुसल्या नाहीत. त्यांना पाठ करून काम करत राहिला.

त्याला घरी बसायचं नव्हतं, हे म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे घरी बसायला जागाच नव्हती. दीड खोली. अर्ध्या खोलीत स्वयंपाक. उरलेल्या एकीत पलंग आणि वहिनींचं शिलाई मशीन. वहिनी दवाखान्यांचे गणवेश शिवायच्या. पलंगावर दिवसा कापडाचे गठ्ठे असायचे. रात्री ते मशीनवर जायचे, तेव्हा पलंग मिळायचा. त्या महिनाभराच्या आजारपणात तो दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचा. येणारा-जाणारा विचारायचा, "काय, बरं नाही का?" तिसऱ्या दिवसापासून तो लोकांना दिसू नये म्हणून जिन्यात बसायला लागला. ते त्यानं मला सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. दिव्याच्या शेडचा जोड बघायचा म्हणून. वहिनी कापड कापत होत्या. भिंतीवर एका खिळ्याला पुठ्ठ्याचे आकार टांगलेले. बाही, पाठ, गळा, खिसा. एक काढायचा, कापडावर ठेवायचा, खडू फिरवायचा, कात्री. दुसरा काढायचा. गुण्या जमिनीवर बसून तडकलेला तुकडा हातात फिरवत होता.

"भावोजी, यांना सांगा ना जरा," वहिनी कात्री न थांबवता म्हणाल्या. "रोज घरी येऊन प्लायशी बोलतात. माझ्याशी नाही बोलत."

"प्लाय उलट उत्तर देत नाही," गुण्या म्हणाला.

"देते की! तडकते ती." मग त्यांनी बाहीचा पुठ्ठा खिळ्याला परत अडकवला. "अडतीस वर्षं तीच खुर्ची करताय आणि दर वेळी पहिल्यापासून खुणा करताय. मी असे कपडे शिवले असते तर माझ्या गिऱ्हाइकांनी उघडंच फिरायचं."

मी हसलो. गुण्या हसला नाही. तो भिंतीकडे बघत होता. उठला, बाहीचा पुठ्ठा काढला, कडेवरून अंगठा फिरवला. पुठ्ठ्याची कड मऊ पडली होती. तो परत लावला. मग गळ्याचा काढला.

"अहो, हात धुतलेत का?" वहिनी म्हणाल्या.

बाहेर जिन्यात आल्यावर तो मला म्हणाला, "फर्मे."

फर्मा म्हणजे तसाच आकार, लाकडासाठी. खुर्चीच्या पायाचा एक, पाठीचा एक. लाकडावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कापायचं. पातळ प्लायचं हे खरं काम. जाडी नको, वजन नको, ताकद नको. फक्त आकार धरून ठेवायचा. एवढ्या वर्षांत आमच्या कारखान्यात फर्मे नव्हते, कारण काठ्या होत्या. आणि काठ्या होत्या म्हणजे गुण्या होता.

हे मला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर लक्षात आलं. मी थांबलो.

"अरे, पण फर्मे झाले की कुणीही खुर्ची करेल."

"करेल."

"मग काठ्या कुणाला लागणार? तुझ्याकडे काय उरेल?"

"खांदा," तो म्हणाला. "दुखरा आहे, पण माझा आहे."

"चेष्टा करू नकोस. टेबल वाचवायला निघालायस आणि टेबल कशाला हवं तेच देऊन टाकतोयस."

तो दोन पायऱ्या उतरला. मग म्हणाला, "ट्रे विकले जात नाहीत. कपाट उचलवत नाही. शेड उघडते. तुला दुसरं काही सुचतंय का? सुचत असेल तर सांग."

मी त्याच्यामागून उतरलो.

चौतीस फर्मे झाले. सहा वस्तूंचे मिळून चौतीस भाग. पाच आठवडे लागले. शनिवारीही उशिरापर्यंत थांबायचा. तुळईवरून एक काठी मला काढायला लावायचा, कारण त्याचा हात वर जात नव्हता. काठी टेबलावर ठेवायची, तिच्या खुणा चाकूनं प्लायवर उतरवायच्या. कापताना पातळ प्लायची कड कुरतडल्यासारखी होते, म्हणून ती दोन जाड फळ्यांच्या मध्ये दाबून धरायची आणि बारीक दातांच्या करवतीनं, घाई न करता, कापायची. मग पॉलिश पेपर. जिथे खाच येते तिथे भोकं, खुणेसाठी. वर एक भोक, टांगायला. प्रत्येकावर नाव: खुर्ची, मागचा पाय. खुर्ची, पाठ, वरची पट्टी. मग मी पातळ केलेल्या पॉलिशचा एक हात द्यायचो, म्हणजे दमट हवेत प्लाय फुगत नाही आणि पेन्सिल पुसता येते. चौतीस फर्म्यांवर माझा हात फिरला. कुठे थांबावं लागलं नाही.

सात शीटं लागली. धाकट्या मालकांनी भिंतीवर टांगलेले फर्मे बघितले, एक काढून हातात घेतला, परत लावला, आणि म्हणाले, "काका, हे आधी का नाही केलंत?" तोंडभर हसत म्हणाले. गुण्यानं तो फर्मा खिळ्यावर सरळ केला.

पुढच्या आठवड्यात गुण्या खांदा दाखवायला दवाखान्यात गेला. दोन दिवस आला नाही. धाकट्या मालकांना घाई होती. त्यांनी जुनं मशीन चालवणाऱ्या मशीनवाल्याला सांगितलं, फर्म्यांवरून बारा खुर्च्या काढ. मशीनवाला पस्तिशीचा, कामाला चांगला. सुतारकाम गुण्याच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं बारा खुर्च्यांचे सगळे भाग कापले. जोडायला घेतले आणि घोडं अडलं.

खुर्चीच्या एका भागाला टोकाला जीभ असते, तिला कुसू म्हणतात. ते दुसऱ्या भागाच्या खाचेत शिरतं. खाचा मशीनवर ठरलेल्या मापाच्या पाडलेल्या. कुसू शिरेना. मशीनवाल्यानं ठोकलं. तीन पाय उभे चिरले. बाकी नऊ खुर्च्या कशाबशा उभ्या राहिल्या, पण जमिनीवर ठेवल्या की डुलायच्या. मी त्यांना पॉलिश लावायला नकार दिला.

तिसऱ्या दिवशी गुण्या आला तेव्हा सगळे त्याचीच वाट बघत होते.

"काका, मापं चुकली," धाकटे मालक म्हणाले. या वेळी खांद्यावर हात नव्हता.

"मी रेघ ठेवूनच कापलंय," मशीनवाला म्हणाला. "एक कुसूसुद्धा रेघेच्या आत नाही. बघा हवं तर. तुम्हीच शिकवलंय."

गुण्यानं फर्मा काढला, काठीला लावला. बरोबर. कापलेला भाग फर्म्यावर ठेवला. चारी बाजूंनी बाहेर आला होता. थोडासा, नखाच्या जाडीएवढा. त्यानं तो पुन्हा ठेवला. पुन्हा तेच.

मला त्याच्या आधी कळलं नाही, पण त्याच्याबरोबर कळलं. आमच्याकडे प्रत्येक सुताराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली जायची: रेघ ठेव. म्हणजे काठीवरून खूण केली की करवत रेघेच्या बाहेरून चालवायची, रेघ लाकडावर राहिली पाहिजे, मग रंध्यानं घासत मापावर यायचं. हे गुण्यानंच शिकवलेलं. पण फर्म्याच्या कडेनं पेन्सिल फिरवली तर रेघ आकाराच्या बाहेर पडते. ती ठेवून कापलं की प्रत्येक बाजूला एक रेघ जास्त. वरून मशीनवाला रंधा मारत नव्हता. मशीनची कड गुळगुळीत असते, मग रंधा कशाला?

मी गुण्याच्या जवळ सरकलो. हळूच म्हणालो, "सांग ना त्यांना. फर्म्यानं नाही होत काम, हातच लागतो. आत्ता सांग. टेबल राहील."

आणि राहिलं असतं. धाकट्या मालकांचा चेहरा मी बघत होतो. एवढं एक वाक्य पुरलं असतं. चौतीस फर्मे जळणात गेले असते, काठ्या परत तुळईवर, आणि गुण्या खिडकीखाली.

त्यानं फर्मा टेबलावर ठेवला.

"चूक माझी," तो म्हणाला. "काठीची रेघ ठेवायची असते. फर्म्याबाहेरची रेघ फर्म्याची नसते, पेन्सिलीची असते. ती करवतीनं खायची. मी सांगायला पाहिजे होतं." मग मशीनवाल्याकडे वळून, "तू बरोबर कापलंयस. पण कुसू शिरत नाही म्हटल्यावर हातोडा उचललास, ते मी शिकवलं नव्हतं."

मशीनवाल्यानं हातोडा उचलून पेटीत ठेवला.

त्या नऊ खुर्च्या गुण्यानं खोलल्या. एकूण एक कुसू पटाशीनं दोन्ही बाजूंनी रेघभर उतरवलं. चार दिवस लागले. चौथ्या दिवशी त्याचा खांदा सदऱ्यावरून दिसण्याइतका सुजला होता. मग एक खिळा पक्कडीत धरून स्टोव्हवर तापवला आणि प्रत्येक फर्म्यावर, नावाच्या खाली, दोन शब्द डागले: रेघ खा. चौतीस वेळा. जळक्या प्लायचा वास शेडमध्ये आठवडाभर राहिला.

त्यानंतर फर्म्यांनी काम चोख केलं. मशीनवाला एकटा महिन्याला गुण्यापेक्षा दुप्पट खुर्च्या काढू लागला. धाकट्या मालकांनी गुण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, निघालं की काम! पण आता टेबलावर करायचं असं काही राहिलं नाही, नाही का? मशीन उशिरा का होईना, सोमवारी येतंय. तुम्ही येत जा. केव्हाही या."

'केव्हाही या' म्हणजे काय ते आम्हाला कळतं. टेबल चौघांनी उचलून मागच्या पडवीत ठेवलं. खाली फरशीवर दोन पावलांएवढी चकाकी राहिली. तिच्यावर मशीन बसलं. गुण्यानं हत्यारं पिशवीत भरली. काठ्या नेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, "घरी कुठे ठेवू? गणवेशात?"

चार महिने तो जिन्यात बसला. मी रविवारी जायचो. वहिनी वरून चहा आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "दोघंही म्हातारे जिन्यात. लोकांना वाटेल मी बाहेर काढलंय."

चार महिन्यांनी खुर्च्या परत यायला लागल्या. आता उलट तक्रार. जोड सैल. कुसू खाचेत खुळखुळतंय. धाकट्या मालकांनी मशीन तपासलं, मशीनवाल्याला बोल लावले. मशीनवाल्यानं एक फर्मा उतरवला, अंगठा कडेवरून फिरवला आणि म्हणाला, "काकांना बोलवा."

पातळ प्लायची कड झिजते. महिन्याला शेकडो वेळा पेन्सिल तिला घासून जाते. वरचा थर आधी दबतो, मग गोल होतो, मग आकार आत जातो. आता फर्मे रेघभर लहान झाले होते आणि मशीनवाला इमानदारीनं रेघ खात होता.

गुण्या आला. बघितलं. धाकटे मालक म्हणाले, "काका, हे फर्मे कायमचे नाही का होणार? जाड प्लायचे करू या ना."

"करा," गुण्या म्हणाला. "जाड प्लायचे केले असते तर कायमचे झाले असते. मला उचलवले असते का?"

जाड प्लायचे करायचे तरी आकार कोण उतरवणार? काठ्या तुळईवर होत्या, आणि त्या वाचणारा समोर उभा होता. मशीनवाल्यानं फर्म्यांच्या भिंतीखाली एक फळी ठोकून दिली, दोन हात लांब. शेजारी संडासाचं दार. उजेड कमी. टेबल म्हणण्यासारखं ते नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी गुण्या तिथे स्टुलावर बसतो. चौतीस फर्मे एकेक उतरवून काठीला लावतो. झिजलेला असेल तर नवा कापतो, खिळा तापवतो, दोन शब्द डागतो.

मी निवृत्त झालो त्याला तीन वर्षं झाली. मागच्या शुक्रवारी त्या बाजूला काम होतं म्हणून शेडमध्ये डोकावलो. तो होता. सहासष्टचा झालाय. मागच्या पायाचा फर्मा हातात घेऊन अंगठा फिरवत होता. बाजूला तीन फळ्यांवर शीटं आडवी, वर फरशीचे तुकडे.

"किती गेलाय?" मी विचारलं.

"अर्धी रेघ. अजून महिना चालेल." त्यानं तो परत टांगला. खालच्या खिळ्याला. वरचे खिळे त्यानं आता खाली घेतलेत.

"शीटं किती उरली?"

"बारा," तो न मोजता म्हणाला. "वर्षाला चार लागतात."

मी मनात भागाकार केला. त्यानं तो आधीच केलेला असणार.

"मग?"

"मग काय. तुळईवरची टेबलाची काठी काढून दे. आणि जरा जपून. तुझं वय झालंय."

मी काठी काढून दिली.